अडनिडे वय

माणसाच्या आयुष्यात एक वय असे येते की, ते कोणत्याच मापात बसत नाही. लहान मुलांत खेळायला जावे तर आई म्हणते, "एवढी मोठी झालीस, शोभते का?" मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालावे तर मावशी म्हणते, "तू अजून लहान आहेस." फ्रॉक आखूड झालेला असतो आणि ओढणी खांद्यावर ठरत नसते. या वयाला आपल्याकडे 'अडनिडे' म्हणतात. बहुतेकांना ते गोवरासारखे येते आणि जाते. काहींच्या अंगात मात्र मुरून बसते. मी त्या काहींतली.

माझे बालपण वाशीमला गेले. १९९५ साली मी पंधरा वर्षांची होते. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. वेगळा जिल्हा व्हायला १९९८ सालचा जुलै उजाडायचा होता. वडील अडत दुकानात मुनीम होते. घरात धाकटा भाऊ, आई आणि आजी. मी अंगाने ताडमाड, आवाजाने घोगरी. रांगोळीचे ठिपके मांडताना माझी ओळ हमखास वाकडी जाई. मैत्रिणी बालाजीच्या देवळात निघाल्या की, मी पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर जाऊन बसे आणि पाण्यातल्या सावल्या बघत राही. येणारीजाणारी एखादी काकू थबके आणि विचारी, "काऊन वं, एकटीच काय बसून राह्यली?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. लहान गावात एकटे बसणे हाही एक प्रकारचा गुन्हाच असतो. संध्याकाळपर्यंत त्याची वर्दी घरी पोचलेली असे.

आसरा होता तो वाचनालयाचा. तिथल्या कोपऱ्यातल्या बाकावर मला कोणी काही विचारत नसे. त्याच बाकावर बसून मी वर्तमानपत्रात वाचले की, आमच्या वाशीमच्या नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ' या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कादंबऱ्या लिहिणारी माणसे पुण्यामुंबईतच जन्मतात, अशी तोवर माझी समजूत होती. ज्या रस्त्यांवरून आपण चालतो त्याच रस्त्यांवरून कादंबरीकारही चालतो, हे कळले आणि त्या दिवशी गावाची धूळही मला निराळी वाटली.

त्याच बाकावर दुसरी एक गोष्ट भेटली. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची इथे राजधानी होती. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त एक कथा सांगितली. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष. आई ब्रह्मलोकी निघाली तेव्हा त्याने बरोबर येण्याचा हट्ट धरला. आईने नेले नाही, तसा तो रागारागाने घर सोडून चालता झाला. त्याला प्रेमाने बांधावे म्हणून गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्या मागे धाडली. तो पूर्वेला गेला, पांचालात गेला, अवंतीत गेला, दक्षिणेला उतरला. ती त्याच्या पाठोपाठ होतीच. शेवटी दोघांचा विवाह झाला तो विदर्भात, वत्सगुल्म नगरात!

पंडितांना या कथेत काव्याच्या रीती दिसतात. मला त्यात दिसला रुसलेला एक पोरगा. देवांच्या घरातही एखादे मूल अडनिडे निघते, आणि सारी दुनिया हिंडून ते शांत होते कुठे, तर आमच्या वाशीमला! मला मात्र त्याच वाशीमातून पळून जावेसे वाटत होते.

१९९६ साली मी मॅट्रिक झाले. मार्क चांगले होते. पण घरात दोघांच्या शिक्षणाला पुरेल एवढा पैसा नव्हता, आणि मुलगा आणि मुलगी यांत कोणाचे शिकणे थांबते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आजीने स्थळांची नावे काढायला सुरुवात केली. एका संध्याकाळी मी कोणालाही न सांगता स्टेशनावर जाऊन बसले. आमची लाइन तेव्हा मीटर गेजची होती. काचीगुड्याहून राजस्थानाकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस तिच्यावरून धावे. पिशवीत दोन कपडे आणि मॅट्रिकचे सर्टिफिकेट होते.

किती वेळ गेला कोण जाणे. शेजारी कोणीतरी येऊन बसले. वडील होते. धोतराला दुकानातल्या सरकीचा वास येत होता. ते रागावले नाहीत. पिशवीकडे त्यांनी एकदाच पाहिले. मग रुळांकडे बघत म्हणाले, "जायचं असन त जाय, माय. पण सांगून जाय."

आम्ही दोघे चालतच घरी आलो. आजीने काढलेली स्थळे त्यांनी दोन वर्षे थांबवून धरली. त्याची किंमत त्यांनी नातलगांत मोजली, पण मला कधी ऐकवली नाही. कॉलेज मात्र मिळाले नाही ते नाहीच. त्याऐवजी ते दुकानातल्या हिशेबाच्या कोऱ्या वह्या आणून देत. त्या तांबड्या वह्यांतच मी लिहू लागले. आज वाटते, लिहिणे म्हणजे तरी काय? आपण कुठे निघालो आहोत ते घरच्यांना सांगून जाणे.

वडील आता नाहीत. २००८ साली आमची लाइन ब्रॉड गेज झाली. मी बालवाडीत शिकवते. दरवर्षी वर्गात एखादे मूल असे येते की, सारी मुले गोल करून नाचत असतात आणि ते खिडकीशी उभे राहून बाहेर बघत असते. इतर बाया त्याला हाताला धरून गोलात ओढतात. मी त्याची जागाच खिडकीपाशी करून देते.

दिवाळीच्या दिवसांत घर माणसांनी भरते. अंगणात फटाके वाजत असतात, आणि एखादी पुतणी किंवा भाचा आतल्या खोलीत दिवाळी अंक घेऊन तोंड फुगवून बसलेला असतो. "बाहेर ये, काय एकटा बसला आहेस!" अशी हाक मारायचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो. तो जरा आवरावा. चकलीची ताटली त्याच्या हाताशी ठेवावी, आणि दार थोडे उघडे राहू द्यावे.