सासवडला पंक्चर

रविवारची ट्रिप एक्सेल शीटमध्ये प्लॅन करणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्यात? आम्ही त्या कॅटेगरीतल्या. सहा वाजता कर्वेनगरहून निघायचं, साडेसातला सासवड ओलांडायचं, साडेआठला जेजुरीची पहिली पायरी. दुपारी एकला घरी, मग झोप आणि वेब सिरीज. माझ्या रूममेटचं लग्न ठरलंय आणि तिच्या आईला जेजुरीचा भंडारा हवा होता. मला नोव्हेंबरचं ऊन आणि दोन बरे फोटो हवे होते, बस्स. देव-बिव माझं फारसं नाही. गेल्या वर्षी एका ऑफिसात फ्रीलान्स काम करत होते, तिथल्या एचआरने माइंडफुलनेसचं वर्कशॉप ठेवलं होतं. पंधरा मिनिटं एकच मनुका चघळायचा. मी तो चौथ्या सेकंदाला गिळला होता. यावरून काय ते समजा.

हडपसर मागे पडलं की दिवे घाट लागतो. वळणावरून खाली मस्तानी तलाव दिसतो. तिथे थांबून सेल्फी काढायचा नियम आहे, तो आम्ही पाळला. घाट चढून सासवडमध्ये शिरलो आणि स्कूटरचा मागचा टायर फुस्स!

पंक्चरवाल्या दादांनी चाक फिरवून बघितलं आणि मान हलवली. ‘टायरच कापलाय ताई. नवा लागंल. दुकान अकराला उघडतंय.’

तेव्हा आठ वाजले होते. रूममेटने माझ्याकडे असं बघितलं, जणू खिळा मीच टाकला होता.

‘तवर सोपानकाकांकडं जाऊन या की,’ दादा म्हणाले. ‘हितंच हायेत.’

ते इतक्या सहज म्हणाले, की मला क्षणभर वाटलं, दुसरा कुणीतरी मेकॅनिक असेल. सोपानकाका म्हणजे संत सोपानदेव, ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली, आणि महिन्याभरातच सोपानदेवांनी इथे सासवडला, कऱ्हेच्या काठी. सातशेहून जास्त वर्षं झाली, पण पंक्चरवाल्यांच्या दृष्टीने ते घरीच होते.

सासवड पुण्यापासून जेमतेम तीस किलोमीटर. तरी आपल्यापैकी बहुतेकांसाठी ते जेजुरीच्या किंवा पुरंदर किल्ल्याच्या वाटेवरचं ट्रॅफिक असतं. मीही मास कॉमला आचार्य अत्रे शिकले होते, ‘मराठा’चे संपादक, आत्मचरित्राचं नाव ‘कऱ्हेचे पाणी’. परीक्षेत लिहिलंही होतं. ही कऱ्हा म्हणजे हीच, गावामागून वाहणारी, हे मला स्कूटर बंद पडल्यावर कळलं.

समाधी मंदिरात गर्दी नव्हती. दोन बायका कोपऱ्यात बसून फुलं निवडत होत्या. आम्ही फरशीवर बसलो. रूममेटने मोबाइल काढला, रेंज बघितली, परत ठेवला. फुलं निवडणाऱ्यांपैकी एक आजी म्हणाल्या, ‘कुठनं आलात गं पोरींनो?’

‘पुण्याहून.’

‘पुण्याचं नव्हं. गाव कोणतं?’

‘परभणीकडचं माझं.’

‘म्हंजे वारीत येत असतील की तुमच्याकडचे.’

‘बाबा यायचे.’

‘मंग सासवडात उतरायचे कुठं?’

मला सांगता येईना.

बाबा २००९ ते २०१९ अशी अकरा वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. पंचायत समितीत क्लार्क होते, वर्षभराची रजा साठवून ठेवायचे. माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री असते, मग दिवे घाट चढून सासवडला दोन रात्री. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण आमच्या कॉलेजात वारीची असाइनमेंट असायची. घाट चढून झाला की बाबा संध्याकाळी फोन करायचे, ‘चढलो गं घाट.’ मी म्हणायचे, ‘छान. पाणी पीत जा बाबा.’ आणि ठेवायचे. पालखी पुण्यात असताना ते माझ्यापासून पाच किलोमीटरवर असायचे. मी एकदाच भेटायला गेले, कॅमेरा घेऊन. त्यांचा बाइटही घेतला. एडिटमध्ये कापला, ऑडिओ खराब होता म्हणून. बाकीच्या वर्षी रस्ते बंद आहेत म्हणून मी रूमवरच राहिले. वारीमुळे ट्रॅफिक जाम, असं मित्रांच्या ग्रुपवर लिहिलंही असेन.

२०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. २०२२ ला वारी पुन्हा सुरू झाली तोवर बाबांचे गुडघे संपले होते. आता ते टीव्हीवर रिंगण बघतात. आवाज मोठा करून.

मी देवळाबाहेर येऊन फोन लावला.

‘बाबा, सासवडला आहे.’

‘कुठल्या सासवडला?’ ते म्हणाले. जसं काही दहा-बारा सासवडं आहेत.

मग जे सुरू झालं त्याला तुम्ही गाइडेड टूर म्हणू शकता. नदीकडे चल. पाणी आहे का? (थोडं आहे बाबा, हिरवं आहे.) संगमेश्वराला गेलीस? नाही? अगं! कऱ्हा आणि चांबळी जिथे भेटतात तिथे हे महादेवाचं देऊळ आहे, काळ्या दगडाचं, पायऱ्या चढून जायचं. पहाटे अंघोळी उरकून सगळे तिथे बसायचे म्हणे, ओल्या धोतरांनी. मी पायऱ्यांवर बसले. दगड अजून गार होता. खाली एक मुलगा म्हैस धूत होता आणि म्हशीला ते अजिबात मान्य नव्हतं. बाबा फोनवर बोलत होते. इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, किंवा बोलले असतील तेव्हा मी ठेवून दिला असेल.

‘आता आमचा वाडा बघ,’ ते म्हणाले. त्यांच्या दिंडीतले पंचवीस जण दरवर्षी एका घरी उतरायचे. दारात औदुंबर. त्या घरातल्या काकू सगळ्यांना पायांसाठी कढत पाणी द्यायच्या, घंगाळात मीठ टाकून. पिठलं-भाकरी. पैसे घ्यायच्या नाहीत. २०१६ मध्ये बाबांना ताप भरला तेव्हा त्यांनी रात्रभर पट्ट्या ठेवल्या होत्या.

‘तुम्हाला ताप होता? मला का नाही सांगितलं?’

‘तुझं सबमिशन होतं ना.’

बोळ, डावीकडे, पिठाची गिरणी, परत डावीकडे. औदुंबर सापडला, पार बांधलेला. त्याच्यामागे तीन मजली इमारत होती. खाली मोबाइलचं दुकान, वर फ्लॅट. वाडा नव्हता.

‘औदुंबर आहे बाबा. मोठा झालाय.’

‘आणि वाडा?’

रूममेट माझ्याकडे बघत होती.

‘दार बंद आहे,’ मी म्हणाले. ‘गावाला गेले असतील.’

‘जातात दिवाळीनंतर,’ बाबा म्हणाले. खुशीत होते. ‘लेक असते त्यांची बार्शीला.’

मी पाराला हात लावला. नमस्कार केला असं नाही, हात लावला एवढंच. मोबाइलच्या दुकानातल्या मुलाला काकूंबद्दल विचारावं का, हे मनात आलं होतं. विचारलं नाही. कळलं असतं तर बाबांना सांगावं लागलं असतं.

अकराचं दुकान साडेअकराला उघडलं. टायर बसला. दादांनी विचारलं, ‘भेटले का?’ मी हो म्हणाले. बाजारात सीताफळं घेतली, पुरंदरची आहेत, घ्याच. अंजिराचा सीझन असेल तर तीही. त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याआधीही ती तितकीच गोड होती.

जेजुरीलाही गेलो. गर्दी, ऊन, पिवळे पाय, पिवळी ओढणी. रूममेटला भंडारा मिळाला. तिने वाटेत दोन वेळा पुडी उघडून वास घेतला. एक्सेल शीटमध्ये शेवटची ओळ होती ‘१.०० – घरी’. एकला आम्ही जेजुरीत वांग्याची भाजी आणि भाकरी खात होतो.

परतताना संध्याकाळ झाली. दिवे घाटाच्या माथ्यावर मी रूममेटला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि फोन केला.

‘घाट उतरतोय आता बाबा.’

‘बरं,’ ते म्हणाले. ‘हळू उतरा. पाणी पी.’