घड्याळाचे ठोके

रात्री हार्बरची शेवटची गाडी गेली की नेरूळच्या त्या घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागते. घरातल्या बाईंना मग हमखास 'कुंकू' आठवतो.

तो त्यांनी पहिल्यांदा पाहिला गिरगावच्या चाळीत, शेजाऱ्यांकडे, दूरदर्शनच्या शनिवारच्या मराठी सिनेमात. वय अकरा. शेजारी आजी. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी केलेला हा बोलपट. तरुण नीराला फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या, काकासाहेबांच्या गळ्यात बांधतात. ती त्यांना नवरा मानायला साफ नकार देते. छोट्या मुलीच्या लक्षात राहिलं ते काकासाहेबांचं जुनं घड्याळ. आजी, स्वतः बाराव्या वर्षी बिजवराला दिलेली, नीरा झालेल्या शांता आपटेंवरून नजर हलवत नव्हती.

"पोरीनं तोंड उघडलं गं," एवढंच ती म्हणाली.

१९९३ साली लोकल नेरूळपर्यंत आली, त्याच सुमाराला बाई लग्न होऊन इथे आल्या. भाड्याच्या कॅसेटवर 'कुंकू' पुन्हा पाहिला, तेव्हा कान टवकारले. या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही! घरातले आवाज, ग्रामोफोन, गाणी, बस्स. रडायचं कुठे, हे सांगायला व्हायोलिन नाही. त्यामुळे केशवराव दाते आरशासमोर उभे राहतात तेव्हा काकासाहेबांचा राग यायच्या आधी त्यांचं म्हातारपण दिसतं. हिंदीत हाच सिनेमा 'दुनिया न माने' झाला, व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला.

परवा लेकीबरोबर मोबाइलवर पाहिला. शेवटी काकासाहेब नीराला मोकळं करण्यासाठी जीव देतात. लेक चिडली. "तिच्या सुटकेसाठी त्यानंच का मरायचं? तिला सोडून जाता येत नव्हतं?"

बाईंनी सांगितलं, घर सोडता आलं असतं, लग्न सुटलं नसतं. विधवेला पुनर्विवाहाची मुभा १८५६ पासून होती, पण मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली. 'कुंकू'नंतर दहा वर्षांनी. तोवर नीरासाठी कायद्याचं दार एकच होतं, नवऱ्याचं मरण.

लेक गप्प झाली. मग तिने सिनेमा मागे नेला आणि काकासाहेबांच्या शेवटच्या पत्राशी थांबवला.

"पणजीला कळलं असेल हे?" तिने विचारलं.