अदृश्याचा हिशेब

एकाच आयुष्यात दोन विद्यांची उपासना करू नये, असा आपल्या समाजात जणू अलिखित दंडकच आहे. मुलाने दहावीनंतर शाखा निवडली की त्याच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरली, असे आपण धरून चालतो. विज्ञानाकडे गेलेल्याने कलेकडे वळून पाहिले, तर 'दोन डगरींवर पाय ठेवू नकोस' हा उपदेश वडीलधाऱ्यांच्या ओठांवर तयार असतो. तो मायेपोटीच केलेला असतो. पोटापाण्याची विवंचना ज्यांनी सोसली, त्यांना तो सुचावा यात नवल नाही.

गेल्या वर्षी आमच्याही घरात हा प्रश्न उभा राहिला. पुतण्या भौतिकशास्त्राचा पदवीधर. एम.एस्सी. न करता विज्ञानविषयक माहितीपट बनविण्याचे शिक्षण घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले. वडिलांना ते मुळीच मान्य नव्हते. बापलेकांतले बोलणे तुटायची वेळ आली, तेव्हा "काका, तुम्हीच पपांना समजवा," असे म्हणत तो आमच्याकडे आला. तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविलेले आम्ही. त्यामुळे आमच्या शब्दाला घरात थोडे वजन. आम्ही त्याला म्हटले, "ह्या वाटेने चाललेला एक तरी माणूस दाखव, मग बोलू." त्याने एक नाव सांगितले. त्या नावामागचे काम आम्ही पुढे काही महिने वाचत आणि पाहत राहिलो.

ते नाव काई स्टाट्स या अमेरिकन गृहस्थांचे. प्रथम त्यांची संगणकप्रणाली तयार करणारी कंपनी होती. नंतर त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि लायगो ह्या वेधशाळेवर माहितीपट केले. लायगोत चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या काटकोनात मांडलेल्या असतात. त्यांतून लेसरचे किरण जातात आणि आरशांवर आदळून परततात. अतिदूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, तर त्या धक्क्याने नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो, आणि तो फरक ही यंत्रणा टिपते. असा पहिला तरंग १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपला गेला. स्टाट्स यांचा पहिला लायगोपट मात्र २०१४ सालचा! तेव्हा तेथील शास्त्रज्ञांच्या पदरात काहीच पडलेले नव्हते. काहींची उमेदीची सारी वर्षे एका न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या तरंगाची वाट पाहण्यात गेली होती. यशाची कथा सांगायला कॅमेरे पुष्कळ धावतात. यशाआधीच्या प्रतीक्षेजवळ थांबणारा कॅमेरा विरळा.

ह्या कामातून ते पुढे अवकाशातील निवासाच्या संशोधनाकडे वळले, तेव्हा प्रथम आम्हालाही ती मोठी उडी वाटली. चंद्रावर किंवा मंगळावर माणसाला राहायचे, तर श्वास घेण्याजोगी हवा आपल्याबरोबर न्यावी लागेल आणि तीच पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरावी लागेल. एक माणूस दिवसाकाठी सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. उघड्या अंगणात त्याची आपल्याला दादही नसते. बंद घरात मात्र तोच वायू जिवावर उठतो.

हा धडा अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात फार मोठी किंमत देऊन शिकला गेला आहे. तेथील ओरॅकल गावाजवळ बायोस्फिअर-२ नावाची सुमारे सव्वा हेक्टरांची काचेची बंदिस्त सृष्टी उभारण्यात आली. आत शेती, लहानसे वर्षावन आणि छोटा समुद्रदेखील. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष व चार स्त्रिया आत गेल्या आणि बरोबर दोन वर्षांनी बाहेर आल्या. मधल्या काळात आतला प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास उतरला. माणसे थकू लागली, झोपेत दम लागू लागला. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. जगाने टिंगल केली; कारण शोधणाऱ्यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. शेतातल्या कसदार मातीतील सूक्ष्मजीव प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते. वनस्पतींनी त्याचे परत प्राणवायूत रूपांतर करावे, तर त्यातला बराचसा वायू इमारतीचे काँक्रीटच शोषून घेत होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी असलेली भिंत चोर निघाली!

ह्या सृष्टीच्या आधी, १९८७ साली, तिच्या शेजारी एक लहान चाचणी-कक्ष बांधला होता. १९८८ साली जॉन अ‍ॅलन त्यात तीन दिवस कोंडून राहिले, तर १९८९ साली लिंडा ली एकवीस दिवस. उन्हाने आतली हवा प्रसरण पावून काचा फुटू नयेत, म्हणून त्याला रबरी पडद्याचे एक 'फुप्फुस' जोडले होते. पुढे तो कक्ष वर्षानुवर्षे ओस पडला. स्टाट्स यांच्या पुढाकाराने २०२१ पासून त्याची डागडुजी होऊन 'सॅम' नावाचा चंद्र-मंगळनिवासाचा सराव-तळ तयार झाला. २०२३ पासून माणसांच्या लहान तुकड्या तेथे दार लावून राहू लागल्या आणि आपल्या श्वासाचा हिशेब मांडू लागल्या.

आता ती उडी आम्हाला उडी वाटत नाही. लायगोतला तरंग अदृश्य, बंद घरातली हवाही अदृश्य. दोन्हीकडे बारीक नोंद, दीर्घ थांबणे आणि जे दिसत नाही ते इतरांना पटेल असे मांडणे, एवढेच काम. एका ठिकाणी कमावलेली ही सवय दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडली.

भावाला आम्ही हेच सांगितले, आणि त्याची भीतीही खोटी ठरविली नाही. कॅमेऱ्यावर घर चालेलच, अशी हमी कोण देणार? स्टाट्स यांनीही आधी धंदा सांभाळला होता. अखेर बापलेकांत तडजोड झाली: मुलगा चित्रपटाचे शिक्षण घेतो आणि खर्चापुरते संध्याकाळी भौतिकशास्त्राच्या शिकवण्या घेऊन स्वतः मिळवतो. दोघे एका ताटाशी बसून जेवू लागले, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, लायगोचीच भारतीय वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. काम पुरे होण्यास अजून काही वर्षे लागतील. तेथील प्रतीक्षेजवळ कोणीतरी कॅमेरा घेऊन थांबावे लागेल, आणि ती प्रतीक्षा मराठी घरांना मराठीत समजावून सांगावी लागेल. त्या कामासाठी भौतिकशास्त्रही लागेल आणि चित्र पाहणारी नजरही. आपल्या घरांतून अशी मुले निघतील काय, हे पुष्कळसे आपण वडीलधारे त्यांना कोणता उपदेश करतो, यावर अवलंबून आहे.