निरुत्तर करणारा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एके सायंकाळी केबिन रोडवरून घरी परतत असता, चिखलाने माखलेला चेंडू बगलेत धरून जाणारा माझ्या वर्गातील एक विद्यार्थी भेटला. "या खेळाने तुला काय मिळणार?" असे मी रागाने विचारले. तो नम्रपणे म्हणाला, "सर, आपल्या मुंबईकडचा कोणी मोठा फुटबॉलपटू झालाच नाही का?" मी निरुत्तर झालो.

शोध करिता नेव्हिल डिसोझा यांचे नाव आढळले. मूळचे गोव्याचे हे गृहस्थ मुंबईस टाटांच्या संघातून खेळत. सन १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल एकट्या डिसोझांचे! असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. परंतु तो सामना भारताने ४-१ असा गमावला. अखेर भारत चौथा आला, पदक हुकले. १९८० साली डिसोझा निवर्तले.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी भर वर्गात सांगितली व त्या मुलाची क्षमा मागितली. बालमित्रांनो, पराक्रम करणारा करून जातो. त्याचे स्मरण राखणे हे मागून येणाऱ्यांचे कर्तव्य. त्यात उणा पडलो तो मीच.