रडीचा डाव की डोक्याचा?

लहानपणी आमच्या वाड्यात सगळ्यात झोंबणारी शिवी कोणती, तर ‘रडीचा डाव’! त्रिफळा उडाला तरी बॅट न सोडणारा, लपंडावात राज्य आलं की बोटांच्या फटीतून पाहणारा, पत्त्यांत एक्का मांडीखाली दडवणारा, अशा मंडळींना पुढचे दोन दिवस कुणी खेळायला घेत नसे. पण त्याच वाड्यात माझी एक मैत्रीण होती. ओटीवरची एकच फरशी गुळगुळीत आहे आणि तिथे सागरगोटे हवे तसे पसरतात, हे तिनं हेरलं होतं. ती नेमकी तिथेच बसायची आणि नेहमी जिंकायची. तिला मात्र कुणी रडी म्हटलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून त्या फरशीसाठी सगळ्यांची धावपळ सुरू झाली.

या दोहोंच्या मधली रेघ नेमकी कुठे असते, यावरून यंदाच्या मे महिन्यात आमच्या घरात आठवडाभर रणकंदन माजलं. निमित्त होतं एका जुन्या व्हिडिओ गेमचं.

आमच्या चिरंजिवांना वार्षिक परीक्षेत शेजारच्या मुलाच्या पेपरात डोकावताना बाईंनी पकडलं होतं. शाळेतून बोलावणं आलं. माझा नवरा बँकेच्या ऑडिट खात्यात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्याची पंधरा वर्षं गेली, त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत मान खाली घालून बसावं लागलं. तो त्या दिवशी मुलाला फारसं बोलला नाही, पण त्याच्या मनात ती सल राहून गेली. वय वर्षं दहा, आणि आत्तापासून ही सवय?

त्यानंतर सुट्टीत नागपूरहून दादा आला. हा माझा मावसभाऊ. त्याचं बालपण मस्कतला गेलं. 2001 च्या उन्हाळ्यात तो सांगलीला आजोळी आला, तेव्हा त्याच्याकडे गेमबॉय होता. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, तळहातावर मावणारा तो खेळ म्हणजे आम्हा भावंडांना अलिबाबाची गुहाच वाटली होती. घर आवरताना तो सापडला म्हणून दादानं आता भाच्यासाठी आणला. आत तेच पोकेमॉन रेडचं कार्ट्रिज आणि, आश्चर्य म्हणजे, त्यात दादाचा तेव्हाचा अर्धवट सोडलेला डाव अजून जिवंत!

पोकेमॉनची कार्टून्स ठाऊक नसतील असं घर विरळाच, पण मूळचा तो एक व्हिडिओ गेम आहे. 1996 मध्ये जपानमध्ये आणि 1998 मध्ये अमेरिकेत आलेला. गावोगाव हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना लढवून मोठं करायचं. प्राणी मोठा करायला फार वेळ लागतो. त्यासाठी ‘रेअर कँडी’ नावाची गोळी असते. एक गोळी खायला घातली की प्राणी एका पायरीनं वर! पण नावाप्रमाणेच ती फार दुर्मीळ.

एके संध्याकाळी चिरंजीव धावत आले, “बाबा, माझ्याकडे एक गोळी होती, आता एकशे एकोणतीस झाल्या!”

“विकत घेतल्यास?”

“नाही. वाढवल्या!”

झालं! ऑडिटरसमोर असं वाक्य बोलायचं असतं का? “माल आला, पैसे गेले नाहीत. याला आमच्याकडे अफरातफर म्हणतात,” असं म्हणत बाबांनी खेळ काढून कपाटात ठेवला. वर ते वाक्यही आलंच, “परीक्षेतही तेच, खेळातही तेच.” मुलगा रडला नाही. नुसता गप्प झाला. मला विचाराल तर रडणं परवडलं असतं.

आता ही युक्ती मला चांगली ठाऊक होती, कारण दादानं ती मलाच आधी शिकवली होती. मस्कतच्या शाळेत तोंडोतोंडी फिरलेली ही विद्या त्यानं एका दोनशे पानी वहीत उतरवून आणली होती. व्हिरिडियन गावात एक म्हातारबाबा भेटतात. प्राणी कसा पकडायचा हे ते करून दाखवतात. तो धडा पाहायचा, लगेच उडून सिनाबार बेटावर जायचं आणि तिथल्या पूर्व किनाऱ्याला लागून पाण्यात वर-खाली फिरत राहायचं. काही वेळानं फाटक्या चित्रासारखा दिसणारा एक तुकडा समोर येतो. त्याचं नाव ‘मिसिंगनो’, म्हणजे ‘क्रमांक गहाळ’! त्याला नुसतं भेटलं, की पिशवीत सहाव्या जागी ठेवलेली वस्तू वाढते.

तेव्हा आम्हाला ही शुद्ध जादू वाटली होती. त्यामागचं कारण मात्र पुढे माणसांनी चिकाटीनं खेळाची चिरफाड करून शोधलं, आणि ते जादूपेक्षाही गमतीचं आहे. ज्या गेमबॉयसाठी हा खेळ लिहिला गेला, त्याची काम करायची मेमरी होती अवघी 8 किलोबाइट. जागा कमी आणि संसार मोठा, अशी आपल्या चाळीतल्या खोलीसारखी अवस्था. म्हातारबाबांच्या धड्याच्या वेळी पडद्यावर खेळणाऱ्याच्या नावाऐवजी त्यांचं नाव दाखवायचं असतं. मग खेळणाऱ्याचं खरं नाव ठेवायचं कुठे? जिथे ‘या गवतात कोणते प्राणी भेटतील’ ही यादी असते, त्या डब्यात. पाहुणे आले की आपण नाही का, चिवड्याचा डबा रिकामा करून त्यात लाडू भरत? पुढच्या ठिकाणी गवत लागलं की नवी यादी येते आणि डबा आपोआप बदलतो. पण सिनाबार बेटावर गवतच नाही, त्यामुळे डबा तसाच राहतो. आणि त्या किनाऱ्याच्या पट्टीवर मात्र खेळ चुकून गवताचीच यादी उघडतो! आत काय? तुमचं नाव! तो ते नावच यादी समजून वाचतो. नावातलं तिसरं, पाचवं आणि सातवं अक्षर ठरवतं, की तुम्हाला कोण भेटणार. म्हणूनच दादाला भेटलेले प्राणी माझ्या बालमैत्रिणीला भेटले नाहीत, यावरून आमची तेव्हा केवढी भांडणं झाली होती!

आणि गोळ्या वाढतात त्या का? प्रत्येक नव्या प्राण्यापुढे ‘पाहिला’ अशी खूण करायची, असा खेळाचा नियम आहे. मिसिंगनोला यादीत जागाच नाही. मग ती खूण यादीबाहेर, थेट पिशवीतल्या सहाव्या वस्तूच्या आकड्यावर पडते. संगणकाच्या हिशेबात त्या खुणेची किंमत 128. एकात 128 मिळवा, 129! निन्टेन्डो कंपनीनं 1999 मध्येच आपल्या मासिकात या प्रकाराबद्दल सावध केलं होतं. त्यात तथ्यही आहे, कारण विजेत्यांच्या दालनातली नोंद यामुळे खराब होते.

हे सगळं मी रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे खतावणीतली नोंद चुकीच्या खात्यात पडली.”

“अगदी तसंच.”

“आणि ज्याला ते कळलं, त्यानं फायदा घेतला. आमच्याकडे अशा माणसाला बढती मिळत नाही, नोटीस मिळते.”

त्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नव्हतं, हे कबूल करायला हवं. पण दाराआड उभा असलेला मुलगा तेवढ्यात बोलला, “बाबा, पेपरात मी बघितलं, कारण मला येत नव्हतं. हे मला येतं.”

त्या वाक्यानं मला विचारात पाडलं. खरंच, या जुन्या अद्भुत खेळांमधल्या युक्त्या पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेक कुणीतरी खेळ मन लावून वाचल्याशिवाय सापडल्याच नसत्या. ‘फायनल फँटसी’चा पहिला भाग 1987 चा. त्यात नकाशाच्या एका भूशिरावर, अगदी सुरुवातीच्या मुलखाला लागून, चार पावलांवर शेवटच्या मुलखातले राक्षस भेटतात. कारण नकाशा चौकोनांत वाटलेला आणि जमीन काही चौकोनी नसते! धाडसी खेळाडू तिथे लवकर पोचून बळ कमावतात. त्याच खेळात जादूगाराच्या ‘बुद्धी’चा आकडा वाढत जातो, पण जादूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही, हेही पुढे खेळाडूंच्याच लक्षात आलं. 1988 च्या दुसऱ्या भागात तर मारामारीत जेवढा मार खाल तेवढी ताकद वाढते. मग काय, लोकांनी शत्रू सोडले आणि आपल्याच सोबत्यांना बदडायला सुरुवात केली!

2002 च्या ‘मोरोविंड’मध्ये काढे बनवता येतात. बुद्धी जितकी जास्त, तितका काढा जालीम. पण काढ्यांतला एक बुद्धीच वाढवणारा! तो प्यायचा, त्या बुद्धीनं आणखी जालीम काढा करायचा, तो प्यायचा. दहा-वीस फेऱ्यांत माणूस देवांनाही भारी. आणि 2011 च्या ‘स्कायरिम’मधली युक्ती तर आमच्या सासूबाईंनाही हसवून गेली. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालायची आणि दुकान साफ करायचं. तो बिचारा ढिम्म! कारण चोरी पकडायला दुकानदाराच्या डोळ्यांपासून तुमच्यापर्यंत सरळ रेघ मोकळी असावी लागते, आणि मध्ये बादली आलेली. डोक्यावर बादली पडली तर माणूस संतापेल, हे मात्र कुणी खेळात लिहायचं विसरलं.

इथवर ठीक. यात फसवलं कुणाला? यंत्राला. पण नवऱ्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्याचं उत्तर मला ‘डायब्लो’ नावाच्या खेळात मिळालं. 1997 च्या सुमारास हा खेळ हजारो लोक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांसोबत खेळत. जमिनीवरची वस्तू उचलायच्या नेमक्या क्षणी कमरपट्ट्यातल्या औषधाच्या बाटलीवर क्लिक केलं, की बाटलीचीही तीच वस्तू बनते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. एका तलवारीच्या दोन, दोनाच्या चार! इथे मात्र समोर माणसं होती. महिनोन्महिने राबून कुणी एक दुर्मीळ वस्तू मिळवावी आणि शेजाऱ्यानं तिच्या पन्नास नकला वाटाव्यात. मेहनतीची किंमत मातीमोल झाली. 2000 साली दुसरा भाग आला, तेव्हा कंपनीनं खेळाडूंच्या नोंदी आपल्याच संगणकांवर ठेवण्याची सोय केली. तरी नकला थांबल्या नाहीत. सोन्याच्या नाण्यांना कुणी विचारेना, म्हणून ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाची अंगठी चलनासारखी चालू लागली. मग त्या अंगठ्यांच्याही नकला निघाल्या!

इथे आमच्या ऑडिटरसाहेबांचे कान टवकारले. “मग कंपनीनं काय केलं?”

“2003 मध्ये शक्कल लढवली. खेळाडूंनी दुकानदारांना पुरेशा अंगठ्या विकल्या, की एक महाभयंकर राक्षस अवतरतो आणि त्याला मारलं तर मोठं बक्षीस मिळतं.”

“वा! म्हणजे लोकांनी स्वखुशीनं खोटं चलन परत केलं!” तो खूश झाला. घरात आठवड्याचा अबोला फुटला तो असा, एका राक्षसामुळे.

दुसऱ्या दिवशी कपाटातून गेमबॉय निघाला. बापलेकांनी एक करार केला. एकट्यानं खेळताना काहीही शोधून काढ, पण समोर माणूस आला की त्याला आधी सांगायचं. आणि गणितात जे येत नाही ते रोज अर्धा तास बाबांपाशी बसायचं. या दुसऱ्या कलमावर चिरंजीव फार खूश नव्हते.

आता दोघांना ध्यास लागलाय तो ‘म्यू’चा. त्याची कथा अशी, की खेळ जवळजवळ पूर्ण झाल्यावर चाचणीचं काही सामान काढून टाकलं आणि कार्ट्रिजमध्ये अवघी 300 बाइट जागा उरली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरनं गुपचूप तिथे हा प्राणी कोंबला. तो बंदराजवळच्या ट्रकखाली लपलाय, अशी अफवा तेव्हा पोरांत होती. दादाच्या वहीतही ती लिहिलेली होती. आम्ही दोन दुपारी तो ट्रक ढकलत बसलो, तो हलला नाही. (पत्रकारितेच्या पदविकेत बातमी पडताळण्यावर तास व्हायचे. माझा पहिला तास हाच.) खरी वाट खेळाडूंना बऱ्याच वर्षांनी सापडली. एका विशिष्ट लढवय्यानं आपल्याला पाहिल्याच्या क्षणी बटण दाबून पळायचं, मग दुसऱ्या एकाशी लढायचं आणि परत यायचं. शेवटच्या लढतीतल्या प्राण्याचा एक आकडा 21 असेल, तर समोर येतो म्यू!

अडचण एकच आहे. हे दोन्ही लढवय्ये आधी हरलेले चालत नाहीत, आणि दादानं 2001 मध्ये एकूण एक लढवय्या हरवून ठेवलाय. म्यू हवा तर खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागेल, आणि या कार्ट्रिजमध्ये डाव एकच राहतो. दादाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, पुसून टाका की! त्यातली बॅटरीसुद्धा आता कधीही जाईल.”

मुलानं अजून पुसलेला नाही. रोज खेळ उघडतो, दादाचं नाव आणि त्याखालचे खेळलेले तास बघतो आणि म्हणतो, “उद्या ठरवू.”