तळ्याकाठची धाव

धावणे हा गरिबाचा व्यायाम होय. त्यास आखाडा लागत नाही, मलखांब लागत नाही, अकरा गड्यांची जुळणीही करावी लागत नाही. लागते ती केवळ वाट. परंतु शहरात धावण्याजोगी वाट मिळणे किती दुर्मीळ झाले आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. क्रीडांगणाला फेऱ्या घालताना तीच भिंत, तेच फाटक वारंवार समोर येते व पायांआधी मनच थकते. तळ्याकाठी अथवा एखाद्या जुन्या उपवनात धावणाऱ्याचे असे का होत नाही, हे आम्हांस गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बंगळूर येथे एक महिना राहून उमगले. ते आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, म्हणून हा लेख.

आम्ही तेथे सहलीस गेलो नव्हतो. आमचे वडील बंधू नोकरीनिमित्त पंचवीस वर्षांपासून बंगळुरास राहतात. फेब्रुवारीत त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली, जखमही भरली. पण मनातील भीती काही भरून येईना. डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले होते, आणि दादा तर अंगणाबाहेर पाऊल टाकीत नव्हते. अखेर वहिनींनी आम्हांस कळविले, “भाऊजी, तुम्ही आलात तर तुमचे तरी ऐकतील.” ज्यांच्यामागे धावत आम्ही लहानपणी शाळेस गेलो, त्या बंधूंना चालावयास लावण्याचे काम आमच्याकडे आले.

त्यांचे घर लालबागेच्या पश्चिमेस, बसवनगुडीत आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने मे महिन्यातही तेथील पहाट शीतल असते. पहिल्या दिवशी दादा फाटकाजवळच्या बाकावर बसून म्हणाले, “तू धाव. मी येथेच बसतो.” आम्ही धावलो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, “दादा, आम्ही तळ्याला वळसा घालून येतो, तोवर तुम्ही त्या वळणावरच्या झाडापर्यंत या.” परत आलो तेव्हा ते झाडाखाली उभे होते. त्या दिवसापासून रोज एकेक झाड पुढे, असा आमचा करार ठरला.

लालबागेसारखी बाग अशा कराराला फार सोयीची. हैदर अलीने १७६० साली हिचा आरंभ केला व टिपू सुलतानाने दूरदेशींची झाडे आणवून ती वाढविली. १८५६ साली ती सरकारी वनस्पतिउद्यान झाली. आज तिचा विस्तार सुमारे २४० एकर आहे. लंडनच्या स्फटिकगृहाच्या धर्तीवरील तिचे काचघर १८८९ सालचे. पुढे १९०८ साली गुस्टाव क्रुम्बिगल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ म्हैसूर संस्थानात आले. तत्पूर्वी ते बडोद्यास गायकवाड सरकारच्या पदरी होते. एका जातीच्या झाडांचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, म्हणजे वर्षभर कोठे ना कोठे फुले दिसावीत, अशी झाडांची निवड त्यांनी त्या शहरात करविली. धावणाऱ्यास याचा लाभ असा की, पुढचे वळण काय दाखवील या उत्सुकतेत तो मागचे अंतर विसरतो. सरळ रस्ता आपले अंतर एकदम डोळ्यांत भरवितो. वळणाची वाट ते थोडे थोडे देते. आमच्या बंधूंस तर या थोड्याथोड्याचीच गरज होती.

बागेच्या दक्षिण अंगास तळे आहे. त्याच्या काठाने धावताना पाण्यावरून येणारा वारा अंगास लागतो, पाणकावळे पंख पसरून बसलेले दिसतात आणि पलीकडच्या तीरावरून चालणारा आपला माणूस सतत दृष्टीस पडतो. ही शेवटली सोय आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. आम्ही एका काठाने धावत असू आणि दादांचा पांढरा सदरा दुसऱ्या काठाने हळूहळू सरकत असे. ते थांबले तर आम्हांस दिसे, आणि आम्ही पाहत आहोत हे त्यांस ठाऊक असे.

बागेत एक प्रचंड खडक आहे. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानतात. १५३७ साली ज्याने बंगळूर वसविले, त्या केंपेगौडाच्या नावाचा एक मनोरा त्याच्या माथ्यावर आहे. खडकाचा चढ मोठा नाही, शाळकरी मुले तो एका दमात चढतात. पण दादा रोज त्याच्या पायथ्याशी आले की मान फिरवून दुसऱ्या वाटेस लागत. आम्हीही कधी आग्रह केला नाही.

रविवारी बंधूंना विश्रांती देऊन आम्ही शहरातील अन्य वाटा धुंडाळीत असू. कब्बन उद्यान १८७० साली रिचर्ड सँकी या अभियंत्याने आखले. तेथे बांबूंच्या बेटांमधून गेलेल्या मातीच्या पायवाटा डांबरी रस्त्याहून गुडघ्यांस पुष्कळच मऊ वाटतात. याच सँकीच्या नावाचे तळे शहराच्या वायव्येस आहे. ते १८८२ सालचे. पूर्वेस बेटे असलेला हलसूरचा विस्तीर्ण तलाव आहे. २००८ साली सुरू झालेल्या दहा किलोमीटरांच्या प्रसिद्ध शर्यतीत देशोदेशींचे धावपटू या तलावाजवळून व कब्बन उद्यानातून धावले आहेत. आम्ही मात्र शर्यतीच्या गतीने कधी धावलो नाही. धावता धावता सोबत्याशी चार शब्द बोलता यावेत, एवढीच गती आमच्या वयास योग्य. आणि नवशिक्या विद्यार्थ्यांनीही आरंभी हेच माप धरावे.

एके सायंकाळी आम्ही या तळ्यांची स्तुती करीत असता दादा हसले व म्हणाले, “अरे, ज्या बसस्थानकावर तू उतरलास ना, तेही तळेच होते.” आम्हांस ही थट्टा वाटली, पण ते खरे आहे. तेथे धर्मांबुधी नावाचा तलाव होता. कब्बन उद्यानाजवळ संपंगी तलाव होता. करग उत्सवापुरते एक लहानसे कुंड राखून बाकीच्या जागेवर आज कंठीरव क्रीडागार आहे. तळे बुजवून त्यावर धावपट्टी आखली गेली, हे ऐकून आम्ही बराच वेळ निःशब्द बसलो.

असे का झाले असावे? बंगळुरास मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडविले. एक तळे भरले की सांडव्यावरून जादा पाणी ‘राजकालुवे’ नामक ओढ्याने खालच्या तळ्यात जाई, तेथून आणखी खाली. एकाच माळेत ओवलेली ही तळी होती. गाळ शेतात जाई, पाणी विहिरींस मिळे. त्यामुळे तळ्याची काळजी ज्याला त्याला होती. पुढे १८९० नंतरच्या दशकात हेसरघट्टाहून, १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि १९७४ पासून सुमारे शंभर किलोमीटरांवरील कावेरीहून नळाने पाणी येऊ लागले. घरात नळ आला तेव्हा दारचे तळे कोणाचेच राहिले नाही. काही बुजली, काहींत सांडपाणी गेले. बेळ्ळंदूर या मोठ्या तलावावर साबणासारखा फेस उसळून रस्त्यावर आल्याचे २०१५ साली साऱ्या देशाने पाहिले, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या पृष्ठभागास लागलेली आग विझविण्यास सैनिकांस पाचारण करावे लागले. पाण्यास आग लागावी, याहून विपरीत ते काय!

मग लालबागेचे तळे का वाचले? आमच्या मते, तेथे रोज माणसे येतात म्हणून. कोणी धावावयास येतो, कोणी फुले पाहावयास, कोणी आमच्या बंधूंप्रमाणे गमावलेला धीर परत मिळवावयास. ज्या काठावर पाऊलवाट आहे, तेथे कोणी राडारोडा टाकू लागला तर पाहणारे शंभर डोळे असतात. ओस पडलेल्या काठास साक्षीदार नसतो.

आमच्या मुक्कामाच्या शेवटल्या आठवड्यात, एका मंगळवारी, दादा खडकाच्या पायथ्याशी आले आणि मान न फिरविता चढू लागले. आम्ही दोन पावले मागून चाललो. मध्ये तीनदा थांबून, श्वास स्थिर करून, ते मनोऱ्यापाशी पोहोचले. खाली तळे उन्हात चकाकत होते. दादांनी छातीवर हात ठेवून ठोके मोजले व म्हणाले, “वहिनीला सांगू नकोस. उद्या तिलाच घेऊन येऊ.” आणि दुसऱ्या दिवशी वहिनींस घेऊन ते पुन्हा चढले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गावीही एखादे तळे, पाझर तलाव अथवा जुनी बाग असेलच. या वर्षी पहाटे उठून, आरंभी चालत व मग मंद गतीने धावत, तिला एक फेरी घाला. सांडवा कोठे आहे, पाणी कोठून येते व कोठे जाते, काठावर कोण काय टाकते, हे नजरेखाली घाला, आणि भूगोलाच्या तासास येऊन आम्हांस सांगा. पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलास एकटे न पाठविता त्यांनीही सोबत निघावे. त्यांस धावता आले नाही तरी चालेल. दुसऱ्या काठाने चालत यावे, म्हणजे मुलाला ते पलीकडून दिसत राहतील.