आमची दोन पोटांची होडी

भंगारवाल्याने 'नको' म्हटलेली वस्तू मी आयुष्यात एकच पाहिली. रद्दी, फुटका स्टोव्ह, आजोबांची लोखंडी कॉट, एवढंच काय माझी लाडकी स्कूटरसुद्धा त्याने वजनावर नेली. पण पार्किंगमधल्या होडीला एक प्रदक्षिणा घालून तो म्हणाला, "काका, हे फायबर आहे. लोखंड वितळतं, प्लॅस्टिक वितळतं, हे वितळत नाही. घेऊन करू काय?"

होय, होडी. आणि तीही कोथरुडात. समुद्राच्या आणि आमच्या मध्ये अख्खा सह्याद्री आहे हे मला माहीत आहे. पण हे चिरंजीवांना सांगायला हवं होतं. ते तेव्हा सीओईपीत होते. त्या कॉलेजला नदीकाठी १९२८ पासूनचा बोट क्लब आहे. मुलं तिथे वल्ही मारायला जातात आणि फावल्या वेळात इंजिनिअर होतात. आमचे चिरंजीव आणि त्यांचे दोन मित्र वल्ह्यांवर थांबले नाहीत. २०१० साली तिघांनी वर्गणी काढून मुंबईहून एक जुनी शिडाची होडी टेम्पोत घालून आणली. तिला पोटं दोन. एका पोटाची खळगी भरताना आमची निम्मी हयात गेली, आणि हा दोन पोटांची घेऊन आला! या जातीला कॅटामरान म्हणतात आणि तो शब्द मूळचा तमिळ, बांधलेले ओंडके अशा अर्थाचा, ही माहिती मला त्याच दिवशी न विचारता मिळाली.

तो मे महिना होता. त्याच महिन्यात नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने असं करणारे ते पहिले भारतीय. परीक्षा आठ दिवसांवर आणि चिरंजीव खाली होडी ठोकत बसलेले. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जे बोललो ते सगळ्या सोसायटीने ऐकलं. तो म्हणाला, "बाबा, दोंदे एकटे जग फिरून आले." मी म्हटलं, "ते आधी नोकरीला लागले, मग फिरले. वर ये."

तो वर आला. पास झाला. नोकरीला लागला. आणि मग जो फिरला तो अमेरिकेपर्यंत. होडी खालीच राहिली.

पुढची चौदा वर्षं आमचा आणि सेक्रेटरींचा पत्रव्यवहार चालला. पार्किंगच्या अर्जात 'वाहनाचा प्रकार' असा रकाना आहे. मी 'होडी' लिहिलं की ते म्हणत, होडी हे वाहन नव्हे, अडगळ आहे. अडगळ म्हणावं तर अडगळीला पार्किंगमध्ये मनाई. मग २०२४ चा जुलै आला. खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या माणसांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. टीव्हीवर ते पाहून आमच्या तळमजल्याच्या आजींनी पानशेतची आठवण काढली. १९६१ साली त्या माहेरी शनिवार पेठेत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच सेक्रेटरींनी होडीवरून मायेने हात फिरवला आणि विचारलं, "काय हो, ही तरंगते का?"

तरंगत नव्हती. पोटाला भोक होतं.

झालं! रिटायर्ड माणसाला एवढं पुरतं. पुढच्या एप्रिलमध्ये मी कंबर कसली. गुरू म्हणून बंपर दुरुस्त करणारा फायबरचा मिस्त्री भेटला. त्याने पहिला धडा दिला: नाण्याने ठोकून बघा. टणक आवाज आला तर अंग शाबूत, बद्द आला तर आतले थर सुटलेत. आमच्या हिला हे मी सांगितलं तर ती म्हणाली, "कलिंगडासारखंच की!" आणि दहाचं नाणं घेऊन तिने एका दुपारात दोन्ही पोटं तपासली, खडूने गोल काढले. तिचा एकही गोल चुकला नाही. मी घेतलेली कलिंगडं आजवर का फसली तेही त्या दुपारी निकालात निघालं.

दुसरा धडा असा की भोक बोटभर असलं तरी भोवतीचं वीतभर अंग घासून उतार काढायचा, नाहीतर नवा थर जुन्याला धरत नाही. घासताना काचेची कुसळं उडतात. मास्क आणि हातमोजे घातले होते, पण मानेचं काय? तीन दिवस मी गोठ्यातल्या म्हशीसारखा जिन्याच्या कठड्याला मान घासत होतो.

तिसरा धडा मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. बोहरी आळीतून नवा प्लॅस्टिकचा मग आणून त्यात रेझिन घेतलं, हार्डनर जरा सढळ हाताने घातलं. आमटीला गूळ घालतात तसं. वर पुण्याचा एप्रिल. मॅट कापेपर्यंत मगातून वाफा यायला लागल्या, मग वाकडा झाला आणि आत ब्रशासकट दगड! तेव्हापासून औषधाच्या सिरिंजने मोजून शेकडा एक.

मोठं भोक उजव्या पोटाला होतं. त्यावर कुणीतरी घाईने मॅटचा एकच थर ओढलेला होता. निदान तीन हवेत. आतून कितपत धरलंय ते बघायला वरचं गोल झाकण उघडून मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना लाकडी दांडा लागला. टॉर्च मारला. एक इंची ब्रश, थराच्या मधोमध आडवा, रेझिनमध्ये कायमचा रुतलेला. पुढचं अर्धं ठिगळ कोरडंच.

मी वर गॅलरीकडे बघितलं. तिथून हाक मारली की खाली अगदी स्पष्ट ऐकू येत असणार.

रविवारी चिरंजीवांचा फोन आला. मी होडीचं सांगितलं. जरा वेळाने तो म्हणाला, "उजव्या पोटात आत एक ब्रश असेल."

"आहे."

"काढलात?"

"नाही. ठेवलाय. भोवतीने थर दिलेत, तीन."

बराच वेळ तिकडून काही आलं नाही. मला वाटलं रेंज गेली.

"हार्डनर किती टाकलंत?"

"शेकडा एक."

"बरोबर आहे," तो म्हणाला. या मुलाने मला बरोबर आहे म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

मग लांबी भरणं, पॉलिश पेपर, पुन्हा लांबी, पुन्हा पॉलिश पेपर, असा दीड महिना गेला. रंग नाना पेठेतून आणला, मोटारींना लावतात तसला, दोन डब्यांचा. धूळ बसावी म्हणून पहाटे फरशीवर सडा घातला. मी रोलर फिरवत पुढे, ही हलक्या ब्रशाने पुसत मागे. सप्तपदीनंतर आम्ही इतक्या शिस्तीत एकामागून एक चाललो नव्हतो. तरी एक डास चिकटलाच. तो आता निळ्या रंगाखाली आहे आणि राहील.

हा रंग एकदा कालवला की ठेवता येत नाही, काही तासांत संपवावा लागतो. उरलेला सेक्रेटरींनी मागून घेतला आणि सोसायटीचं गेट रंगवलं. ते आम्हाला न विचारता दिलेलं सर्टिफिकेटच म्हणायचं.

चिरंजीव डिसेंबरात येणार आहेत, शीड तिकडून आणणार आहेत. पार्किंगचा यंदाचा अर्ज टेबलावर आहे. 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात सेक्रेटरींनी स्वतःच पेन्सिलीने लिहून पाठवलं आहे: 'चारचाकी (चाके नसलेली)'.